मागच्या टेबलावरची विविधता

बापाचं चष्म्याचं दुकान सोडून थोरली सिनेमात मागे उभं राहायला गेली, तेव्हा बापाने तोंडात मिठाची गुळणी धरली. धरण्याआधी एवढंच म्हणाला, "पडद्यावर तुझं तोंड दिसू दे, मग बोलू." त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरातला सगळा व्यवहार आईमार्फत. "तिला सांग, पंखा बंद कर." ती पंख्याच्या बटणाला टेकूनच उभी असायची. तरी आई सांगायची, मगच बंद व्हायचा.

मग फ्रेंच सिनेमावाले आले. प्रेमकथा होती. एक गोरा चित्रकार, एक गोरी पियानोवाली. अर्धा सिनेमा दोघं खिडकीबाहेर बघणार आणि उरलेला अर्धा एकमेकांकडे. अनुदान देणाऱ्या मंडळाची अट अशी, की प्रत्येक प्रसंगात निदान एक तरी वेगळ्या रंगाचा माणूस हवा. सिनेमावाल्यांनी अट दोनदा वाचली आणि एकच माणूस घेतला. सावळी, वेळेवर येणारी, डबा घरून आणणारी थोरली. कामाच्या कागदावर तिच्या नावाच्या जागी 'विविधता' लिहिलं होतं, म्हणून सहायक दिग्दर्शक तशीच हाक मारायचा.

"विविधताताई, आज तुम्ही नर्स. उद्या लग्नातल्या पाहुण्या."

"काल मी कॅफेत होते. बघणाऱ्यांना कळेल ना?"

"प्रेमकथेत मागच्या टेबलाकडे बघतंय कोण? तोंड हलवा फक्त, आवाज नको. काहीही बोला."

काहीही म्हणजे काय बोलायचं, हे तिला सुचेना. तिने आपला दुकानातला डोळे तपासायचा तक्ता म्हटला. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत, लहानपणापासून पाठ. कॅफेत म्हटला, लग्नात म्हटला, नायकाच्या मामाच्या दफनाच्या वेळी छत्रीखाली जरा हळू म्हटला. बाविसाव्या दिवशी काम संपलं. सिनेमात तिचं तोंड एकोणीस ठिकाणी होतं. तिने आईला सांगितलं, आईने बापाला. बापाने मान हलवली, पण ती भिंगाकडे बघून.

तीन महिन्यांनी सहायकाचा फोन आला.

"ताई, घोटाळा झाला. आधी चाळीस लोकांना सिनेमा दाखवला. सगळे विचारतात, ही बाई हात धुवून यांच्या मागे का लागली आहे? एकतीस जणांना वाटलं, शेवटी तुम्ही नायकाचा खून करणार. उरलेल्यांना वाटलं, तुम्हीच त्याची पहिली बायको."

"मग?"

"तुम्हाला धूसर केलंय."

"कुठे?"

"सगळीकडे."

"आणि मंडळाची अट?"

"धूसर चालतं म्हणाले. रंग कळतो ना."

तिने फोन ठेवला आणि भांडी विसळली. रडू येईल म्हणून थोडी थांबली. आलं नाही, तेव्हा ओटाही पुसला.

घरी तिने काही सांगितलं नाही. आईने तिकिटं आधीच काढली होती. दुपारच्या खेळाला तिघं एका रांगेत बसली, आई मध्ये. पडद्यावर चित्रकार खिडकीबाहेर बघत होता. मागे कॅफेत एक तपकिरी डाग बसला होता. मग तो डाग पांढऱ्या कपड्यांत आला, मग लग्नाला, मग मयताला.

बापाने चष्मा काढला, पुसला, लावला. पुन्हा काढला. दुकानात दुसरा असतो, पण तो काही आणला नव्हता.

"कुठे आहे गं ही?" आई कुजबुजली. बाप पुढे सरकून त्या डागाच्या तोंडाची उघडझाप बघत राहिला. समोरचा माणूस तक्ता वाचताना कुठे थबकतो, हे बघण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक जांभया देत उठले. बाप बसूनच राहिला.

"चौथ्या ओळीत अजून अडखळतेस," तो म्हणाला.

आईने सवयीने मान वळवली. "ते म्हणतात, चौथ्या ओळीत..."

"ऐकलं," ती म्हणाली.