शालिग्रामचा फॉर्मॅट

सोमवारी सकाळपासून किन्हीराजाच्या वाचनालयातला कॉम्प्युटर एकच खेळ करत होता. पासवर्ड घ्यायचा, पडदा काळा करायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा. ग्रंथपाल धम्मदीपा मोबाइलवर उपाय शोधत होती, तेवढ्यात सचिव जगदेवकाकांनी शालिग्रामला बोलावूनही घेतलं.

शालिग्रामच्या मोटारसायकलवर 'कॉम्प्युटर इंजिनिअर' असं रंगवलेलं होतं. कारंज्याला तीन महिन्यांच्या कोर्समध्ये तो फॉर्मॅट मारायला, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्याने भरायला शिकला होता. त्यानंतर आणखी काही शिकायची गरज त्याला वाटली नाही. त्याने दोनदा यंत्र बंद-चालू केलं, मागच्या वायरी हलवल्या आणि निदान सांगितलं.

"व्हायरस हाय. फॉर्मॅट मारा लागते. या लिनक्सचं असंच असते काका, फुकटचं सॉफ्टवेअर."

"वाचनालयातले पुस्तकंबी फुकटच भेटतात," धम्मदीपा म्हणाली. "म्हणून तुमी एकबी नेलं नाही काय?"

"मॅडमले काहून राग येऊन राह्यला?" त्याने काकांना विचारलं.

त्या कॉम्प्युटरमध्ये गावातल्या म्हाताऱ्या बायांनी गायलेली एकशे बारा भीमगीतं होती. दोन वर्षं घरोघरी फिरून धम्मदीपाने ती ध्वनिमुद्रित केली होती. त्यातली गंगूआजी तर मागच्या साली गेली. गाण्यांची दुसरी प्रत नव्हती. त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क घ्यायचा विषय समितीने पुढच्या सभेत ढकलला होता, आणि अशा तीन पुढच्या सभा होऊन गेल्या होत्या.

"गाण्याइचं काय?" तिने विचारलं.

"यूट्यूबवर लय गाणे हायेत," शालिग्राम म्हणाला आणि विंडोजचा पेनड्राइव्ह आणायला मालेगावला निघाला. काका त्याला चहा पाजायला फाट्यापर्यंत गेले.

धम्मदीपा खुर्चीत बसली. मोबाइलवर सापडलं होतं त्याप्रमाणे तिने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन एकदम दाबलं. चित्र नसलेला, नुसत्या अक्षरांचा काळा पडदा आला. इथे मात्र पासवर्ड चालला. डिस्कवर किती जागा उरली ते तिने विचारलं. उत्तर आलं, शंभर टक्के भरली. हात हलवायला जागा नाही म्हणून डेस्कटॉप उघडत नव्हता. व्हायरस कुठेच नव्हता.

मग कोणी जागा खाल्ली ते तिने शोधलं. सगळी गाणी मिळून दोन जीबी. सिस्टिम स्वतःच्या नोंदी ठेवते तो लॉग एकटाच एकशे नव्वद जीबी. उघडून पाहिलं तर एकच तक्रार लाखो वेळा, प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे ड्रायव्हरची. प्रिंटर गेल्या महिन्यात शालिग्रामनेच बसवला होता. चालणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असताना त्याने कुठल्याशा वेबसाइटवरून दुसरा आणून घातला. तो ड्रायव्हर न सापडणाऱ्या फाइलच्या नावाने महिनाभर बोंबलत होता, आणि लिनक्स बिचारं प्रत्येक बोंब लिहून घेत होतं.

तिने लॉगच्या सुरुवातीच्या वीस ओळी मोबाइलमध्ये टिपल्या, लॉग रिकामा केला, ड्रायव्हर काढला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. डेस्कटॉप आला. गाणी जागेवर होती.

दुपारी शालिग्राम आणि काका परतले. चालू पडद्याकडे पाहून शालिग्राम म्हणाला, "गरम झाला होता. आराम भेटला म्हणून चालू झाला." काकांनी मान डोलावली.

धम्मदीपाने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "पह्यली तारीख मोठ्यानं वाचा. कशाचा ड्रायव्हर हाय तेबी वाचा."

त्याने वाचलं. काकांना ती तारीख पाठ होती. त्या दिवशी त्यांनी स्वतः नारळ फोडून प्रिंटरचं उद्घाटन केलं होतं, फोटोसकट.

"होते असं कधी कधी," शालिग्राम पुटपुटला.

"हार्ड डिस्क घेऊन या तुमी," काका पंख्याकडे पाहत धम्मदीपाला म्हणाले. "सभेचं पाहू मंग."

शालिग्राम दारात रेंगाळला. "मॅडम, त्या काळ्या पडद्यावर तुमी गेल्या कशा?"

तिने सांगितलं. त्याने ते तळहातावर लिहून घेतलं, एफ तीनच्या जागी एफ चार. एफ चारनेही चाललं असतं, पण तेवढं त्याला सांगावं असं तिला वाटलं नाही.

बुधवारी हार्ड डिस्क आली. गाणी उतरवून झाल्यावर ती तिने आपल्या घरी नेली. समितीच्या कपाटावर तिचा विश्वास नव्हता.