दिवसाला चार गाड्या

रस्ते खात्यात माझं काम गाड्या मोजण्याचं. उरुग्वेच्या उत्तरेला जुन्या महामार्गावर जे पूल आहेत, त्यांच्यावर मी रबरी नळी आडवी टाकतो, ती पत्र्याच्या पेटीतल्या यंत्राला जोडतो आणि आठ दिवसांनी परत येतो. नवा महामार्ग झाल्यापासून खात्याचा नियम असा, की दिवसाला साठ गाड्या जात असतील तरच पुलाच्या स्लॅबच्या दुरुस्तीला निधी मिळणार. त्याहून कमी भरल्या तर पूल वाहनांना बंद.

कारांचो नदीवरच्या पुलाची अवस्था वाईट होती. स्लॅबला दोन ठिकाणी आरपार भोकं पडली होती आणि त्यातून खालचं पाणी दिसायचं. कडेच्या सळया गंजून फुगल्या होत्या. पुलाच्या अलीकडे एकच घर होतं, एर्मेलिंदाबाईंचं. पूर्वी ट्रकवाले थांबायचे तेव्हा त्या खानावळ चालवायच्या. पलीकडच्या काठावर त्यांची धाकटी बहीण नेलिदा राहायची. तिचे गुडघे गेले होते. एर्मेलिंदाबाई जुन्या पिकअपमधून दोन वेळचं जेवण तिला पोहोचवायच्या. पूल बंद झाला तर गाडीने पासष्ट किलोमीटरचा वळसा.

नळी टाकताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पेटीत काय आहे, किती गाड्या लागतात, सगळं विचारलं. मी सांगितलं. सांगायला नको होतं, हे आठ दिवसांनी कळलं.

आकडा आला रोजचा एक्याऐंशी. मला आधी आनंदच झाला. मग पेटीजवळ जमिनीवर बसून नोंदी उलगडल्या. यंत्र नुसतं मोजत नाही, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही टिपतं. पहाटे सहापासून रात्री आठपर्यंत, दर अकरा मिनिटांनी, एकाच मापाची गाडी. रविवारीसुद्धा.

मी पिकअपचं माप घेत होतो तेव्हा त्या माते, आमच्याकडचा नळीने प्यायचा कडू पानांचा चहा, घेऊन बाहेर आल्या. गरम पाण्याचा थर्मास काखेत धरून थोडा वेळ बघत राहिल्या.

"मोजून झालं का रे, बेंतांकोर?"

"झालं, बाई."

"मग बस. उभ्याने माते पिऊ नये."

आम्ही ओट्यावर बसलो. पहिलं माते त्यांनी स्वतः घेतलं, दुसरं मला दिलं. नाकारतील, भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त सांगितलं, की पाठ इतकी धरली आहे की चुलीपाशी वाकता येत नाही, आणि नेलिदा रोज खिडकीतून हात हलवायची, तिला वाटायचं ताईला वेड लागलं. मग नळीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या वगळल्या तर किती?"

मी यंत्र पिशवीत घालत राहिलो.

"सांग ना. साठ नसणार, हे मलाही कळतं."

"चार."

"आठवड्याला?"

"नाही, दिवसाला."

 त्या भांड्यातली मातेची पूड उगाच प्यायच्या नळीने सारखी करत बसल्या.

"मला वाटलं होतं तीस तरी असतील," त्या म्हणाल्या. "घरात असले की गाडीचा आवाज येतो मला. सारखा येतो."

मी चार लिहून दिले. वरचे साहेब लेखी कागद बघतात, त्यावर बहिणी लिहायला जागा नसते. तरी शेऱ्यात मी एक ओळ लिहिली, की दोन्ही काठांवर माणसं राहतात. तिचं उत्तर आलं नाही.

मे महिन्यात पूल बंद करायला, त्याच्या तोंडाशी काँक्रीटचे ठोकळे ठेवायला मलाच पाठवलं. माणूस जाईल एवढी फट मी ठेवली. एर्मेलिंदाबाई घराबाहेर आल्या नाहीत. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये लागतो; हिवाळाभर त्या डबा घेऊन चालत पलीकडे जात होत्या, असं दूधवाल्याने सांगितलं. ऑगस्टमध्ये नेलिदाची मुलगी पलीकडच्या रस्त्याने आली आणि आईला मोंतेविदेओला घेऊन गेली. अँब्युलन्स वेळेत पोहोचू शकत नाही अशा जागी आईला कसं ठेवायचं, असं ती म्हणाली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. मावशीलाही चला म्हणाली होती. मावशी नाही म्हणाल्या.

नोव्हेंबरमध्ये खात्याचं काही काम नसताना मी तिकडे गेलो. बाई आधी ओळखीचं हसल्या नाहीत. मग आत जाऊन दुसरी खुर्ची आणली; तिच्यावरची धूळ सावकाश ओल्या फडक्याने पुसली. नेलिदा फोनवर फार बोलत नाही, तिला ऐकू कमी येतं, असं त्या म्हणाल्या. मुलाबाळांबद्दल मला विचारलं. मी सांगितलं, मुलगी आहे, तिच्या आईकडे असते.

निघताना त्या मला पुलापर्यंत सोडायला आल्या आणि फटीतून पुढे चालत राहिल्या. मीही गेलो. मध्यावर, भोकाच्या अलीकडे, त्यांनी माझा दंड धरून मला कठड्याच्या बाजूला घेतलं.

"इथून चाल. तिथलं आता मऊ झालंय."

पलीकडे नेलिदाच्या घराची दारं बंद होती. अंगणात गवत कमरेएवढं वाढलं होतं. एर्मेलिंदाबाईंनी दोन-तीन मुठी उपटल्या, हात झटकले, आणि आम्ही परत निघालो.