पुसलेली हनुवटी

हद्दाला सीमेच्या फाटकावर अडवलंत ते तुम्ही, साहेब. काचेमागं बसलेल्या पोरसवदा शिपायाच्या माथी मारू नका. तो हुकमाचा ताबेदार. रकाने तुम्ही आखलेत, नियम तुम्ही छापलेत, आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईचं तोंड त्या रकान्यात मावत नाही म्हणून तोंडच खोटं ठरवलंत, तेही तुम्हीच.

हद्दा ऑरेसच्या डोंगरातली, आरिस गावची. तिला सीमा ओलांडून ट्युनिशियात जायचं होतं, धाकट्या बहिणीकडं. झर्फा लग्न होऊन तिकडं गेली त्याला पन्नास वर्षं झाली. गेल्या महिन्यात झर्फाला झटका आला. अर्धा चेहरा लुळा पडला, वाचा बसली, आणि माणसांची ओळखही गेली. नवऱ्याला ओळखेना, पोटच्या लेकीला ओळखेना. कुणी घास पुढं केला की तोंड फिरवायची. परक्याच्या हातचं का खाऊ, असंच तिला वाटत असणार. डॉक्टरांनी हात टेकले होते.

झर्फाची लेक जलीला हद्दाला फोनवर म्हणाली होती, "मावशी, ती दिवसभर आपल्या हनुवटीवरून बोट फिरवते. आरसा धरला तर आरशातल्या हनुवटीवरून फिरवते. बाकी कशाकडं बघत नाही. तू ये. तुला ओळखेल ती."

कारण दोघींचं गोंदण एक. हद्दा नऊ वर्षांची आणि झर्फा सात, तेव्हा सुया घेऊन गावोगाव फिरणारी बाई दारात आली होती. खालच्या ओठापासून हनुवटीच्या टोकापर्यंत एक उभी रेघ, दोन्ही अंगांना तीन तीन ठिपके. काजळी तीच, सुई तीच. झर्फा घाबरली होती म्हणून हद्दा आधी बसली, आणि झर्फानं तिचा हात असा धरला की नखं रुतली. बाईनं रागावून झर्फाला हिसका दिला, सुई सरकली, म्हणून हद्दाचा डावा खालचा ठिपका जरा लांबट झाला. मग झर्फा हट्टाला पेटली, मलापण तसाच पाहिजे. तिचाही मुद्दाम लांबट काढला.

हे सगळं अंगावर घेऊन हद्दा सकाळी नऊला फाटकावर उभी राहिली. काखेत रफीसचं गाठोडं. रवा, खजूर आणि तूप. झर्फाला लहानपणापासून आवडायचा.

काचेमागच्या शिपायाचं नाव नजीब. त्यानं पासपोर्ट उघडला, हद्दाकडं बघितलं, परत पासपोर्टाकडं.

"हाज्जा, हा फोटो कुणाचा?"

"माझा. आणि हाज्जा म्हणू नकोस बाबा, मक्केला गेले नाही अजून. तू हेच फाटक उघडत नाहीस, तिथवर कधी पोचायची."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. नजीब हसला नाही.

"फोटोत गोंदण नाही."

हद्दानं पासपोर्ट डोळ्याजवळ नेला. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिनं तो फोटो आजवर नीट पाहिलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी आरिसच्या अम्मारनं काढलेला. अम्मारच्या स्टुडिओतून कुणाचा चेहरा जसाच्या तसा बाहेर पडत नाही. नवरीचे मुरूम जातात, म्हाताऱ्यांचे चामखीळ जातात, त्याचे तो पैसेही घेत नाही. आणि गेल्या तीसेक वर्षांत या गोंदणाला पाप म्हणायची रीत पडलीय. कितीतरी बायांनी तेजाब लावून हनुवट्या भाजून घेतल्या. अम्मारला वाटलं, म्हातारीला तेवढी लाज कशाला. त्यानं माया म्हणून पुसलं.

"हात मोडो त्याचा," हद्दा म्हणाली. "पण नाक माझंच आहे बघ. असं नाक दुसऱ्या कुणाचं नाही, बापानं तसं सांगितलं होतं."

"नाकाचं नाही हाज्जा. इथं लिहिलंय, विशेष खूण नाही. तुमच्या तोंडावर तर एवढी मोठी खूण आहे."

हेही खरं. कचेरीत अर्ज भरताना कारकुनानं विचारलं होतं, अंगावर काही वेगळी खूण? हद्दा म्हणाली होती, नाही. कारकूनही आरिसचाच. त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि 'नाही' लिहिलं. त्याच्या आईला ते गोंदण होतं, आजीला होतं, आत्याला होतं. जे घरोघरी असतं त्याला वेगळं कोण म्हणतं? साहेब, हा गुन्हा असेल तर सगळं गाव आत टाका.

नजीबनं वर फोन लावला. हो सर, हो सर, समजलं सर. फोन ठेवून तो म्हणाला, "आधी कोर्टातून नोंद दुरुस्त करायची. मग नवा फोटो, नवा पासपोर्ट. चाळीस दिवस तरी."

"माझ्या बहिणीकडं चार नाहीत."

"मग दवाखान्यात जाऊन ते काढून घ्या. हल्ली दुखत नाही म्हणे. फोटोसारख्या दिसलात की मी कशाला अडवतो?"

"आणि जाऊन काय करू? ती याच खुणेवर मला ओळखणार. तू मला तिकडं पाठवतोस का तिथं परकी करतोस?"

नजीबनं पासपोर्ट काचेखालून परत सरकवला.

टॅक्सीवाला बूझिद तिला आरिसहून घेऊन आलेला. तो बाहेर गाडीला टेकून उभा होता. सगळं ऐकून म्हणाला, "यम्मा, तोंड तेच ठेव. वरून लिंपू. माझी बायको लग्नात एवढं लावते की मलाच ओळखू येत नाही." बाजूच्या टपरीवरून त्यानं गव्हाळ रंगाची क्रीमची नळी आणली. गाडीच्या आरशात बघत हद्दानं हनुवटी लिंपली. आयुष्यात पहिल्यांदा. आरशात जी बाई होती तिच्याशी ती बोलली असती की नाही कुणास ठाऊक.

परत रांग. परत काच. नजीबनं तिच्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. शेजारी आता त्याचा वरिष्ठ येऊन उभा होता.

"हीच का ती गोंदणवाली?" वरिष्ठ म्हणाला. "आता रूप बदलून आली? बाई, खूण होती तेव्हा नुसतं परत जायचं होतं. आता लपवलीत, म्हणजे फसवणूक. बाकावर बसा. कागद करावा लागेल."

पासपोर्ट त्यानं खणात टाकला. आता पुढं जाता येईना आणि मागंही. आरिसला परतायचं तरी वाटेत नाक्यानाक्यावर ओळख मागतात, आणि ओळख खणात. हद्दा लोखंडी बाकावर बसली. मांडीवरचं रफीसचं गाठोडं उन्हानं तूप सोडत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. जलीलाचा व्हिडिओ कॉल. चित्र हलत हलत स्थिर झालं. उशीवर झर्फा, तोंडाची एक बाजू ओघळलेली, नजर भिंतीला.

"मावशी, कुठपर्यंत आलीस?"

डोक्यावरच्या रुमालाचं टोक हद्दानं थुंकीनं ओलं केलं आणि हनुवटी घासली. रेघ वर आली. ठिपके आले. लांबट ठिपका आला. फोन तिनं हनुवटीपाशी धरला आणि लहानपणी हाक मारायची तशी हाक मारली.

झर्फाची नजर भिंतीवरून निघाली. फोनवर आली. हात वर उठला आणि बोट फोनच्या काचेवर आलं, नेमकं डाव्या खालच्या ठिपक्यावर. थांबलं तिथंच. तोंडाची जी बाजू जिवंत होती ती थरथरली. हसायला का रडायला, अर्ध्या चेहऱ्यावरून काय कळणार.

"आईनं बघितलं," जलीला म्हणाली. "मावशी, आईनं बघितलं. तू ये गं लवकर." आणि चित्र गेलं.

नजीब काचेमागून उठून बाकापाशी आला होता. त्यानंही पाहिलं होतं. तो वरिष्ठाकडं बघत राहिला. वरिष्ठ कागद लिहीत होता. पहिल्याच ओळीत त्यानं लिहिलं, ओळख पटली नाही.

हद्दा उठली आणि थेट टेबलापाशी गेली. हनुवटी अर्धी लिंपलेली, अर्धी उघडी.

"तो पासपोर्ट काढ," ती म्हणाली. "त्यातली ती कोऱ्या हनुवटीची बाई. तिला तू आत्ता सोडलं असतंस ना? मग सांग, ती राहते कुठं? कुणाची लेक? तिची वाट बघत पलीकडं कोण पडलंय? बोल."

वरिष्ठानं पेन खाली ठेवलं. टेबलावरचा, वरच्या साहेबांना जोडणारा फोन तसाच पडून होता.

"तुला माहीत नसेल तर वर विचार. मी उभी आहे."

ती उभीच आहे. साहेब, बोला.