दुर्रीनंतरची बोली

शेवटचं पान इस्पिकची दुर्री निघालं. एमेट ट्रेव्हरोने दोन्ही हात जुळवून आपल्यापुढच्या चिप्सची अख्खी रांग टेबलाच्या मधोमध लोटली.

“सगळे,” तो म्हणाला.

आयली निएमीने चिप्सकडे पाहिलं, मग सगळ्यांसाठी सामाईक असलेल्या पाच उघड्या पानांकडे. राणी, गुलाम, नव्वी, चौकी आणि ही दुर्री. त्यांतली गुलाम, नव्वी, दुर्री इस्पिकची. तिच्या हातात एक राणी होती, म्हणजे राण्यांची जोडी झाली. पण एमेटच्या दोन्ही झाकल्या पानांत इस्पिक असेल, तर त्याची पाच इस्पिकं, म्हणजे कलर होत होता, आणि कलरपुढे जोडीला कोण विचारतो?

बोली स्वीकारायची, तर तिच्यापुढे होतं नव्हतं ते सगळं मध्ये जाणार होतं. घर तापवणारी भट्टी नाताळातच बंद पडली होती. ब्यूट गावच्या बर्फाळ फेब्रुवारीत ती स्वयंपाकघरात, ओव्हनचं दार उघडं टाकून, दोन कोट घालून झोपत होती. पुढ्यातल्या चिप्समध्ये निम्मी दुरुस्ती झाली असती. मधला ढीग मिळाला तर पुरती.

“काय गं, पाय लटपटले?” एमेट म्हणाला. “टाकून दे. तोइवोने तर केव्हाच टाकली असती.”

तोइवो तिचा नवरा. एमेट आणि तो खाणीत उभा जन्म एका पाळीत होते, आणि दर शनिवारी दुपारी याच बारमधल्या याच टेबलावर. तोइवो शरदात गेला. पुढच्याच शनिवारी आयली येऊन त्याच्या खुर्चीत बसली होती. “बघायला आलीस?” असं मायलो डुकिचने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “खेळायला. कोपर सरकव.”

तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाला तिला काहीतरी द्यायचं होतं. कुणी सूप आणलं, कुणी पुतण्याचा जुना हीटर. तिने सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं. एमेट एका पहाटे फोडलेल्या लाकडांची गाडी तिच्या ओसरीवर रिकामी करून गेला. दुपारी आयलीने ती सगळी लाकडं आपल्या पिकअपमध्ये भरली आणि त्याच्या दारात रचून आली. नीट रचली होती, त्याच्यापेक्षाही नीट.

“आयली, वय वाढतंय इथे आमचं,” मायलो म्हणाला.

“तुझं वाढून झालंय. मला विचार करू दे.”

तिने एमेटकडे पाहिलं. हातात काही असलं की एमेट थोडे थोडे लावायचा. मासा गळाला लागल्यावर कोणी दोरी हिसडत नाही, तसा. आणि गप्प राहायचा. आज त्याने एकदम सगळे लावले होते, आणि वर तोंडही चालवत होता. याचा अर्थ एकच. हातात काही नव्हतं, आणि ही बाई घाबरून पळेल अशी त्याची खात्री होती.

“तोइवोने टाकली असती,” ती म्हणाली. “तोइवो मेला. मी बघते.”

तिने आपल्या चिप्स पुढे ढकलल्या.

“धरलंस मला,” एमेट लगेच म्हणाला, आणि आपली दोन्ही पानं पालथीच पत्ते वाटणाऱ्या रोनेलकडे सरकवली. “तुझा डाव.”

मायलोने टेबलावर थाप मारली. शेजारचा कोणीतरी हसला. रोनेलने ढीग आयलीकडे वळवायला हात उचलला.

आयलीने अजून आपली पानं उघडलीच नव्हती.

ती एमेटकडे बघत राहिली. हरलेला माणूस निदान आपण कशाला हरलो ते तरी बघतो. एमेट भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होता, आणि टीव्ही बंद होता.

“थांब, रोनेल. त्याची पानं उघड.”

रोनेलचा हात थांबला. दोन पालथी पानं अजून तिच्या डाव्या तळव्याखाली, गठ्ठ्यापासून वेगळी होती.

“तुम्ही जिंकलात, आयलीबाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “जिंकणाऱ्याने मागितली तर टाकलेली पानंही डावात धरावी लागतात. या टेबलाचा नियम आहे. मग जे निघेल ते निघेल.”

“नियम मला ठाऊक आहे.”

“आयली,” एमेट म्हणाला, “पैसे उचल आणि गप घरी जा.”

“उघड.”

रोनेलने पानं उलटली. इस्पिकचा एक्का. इस्पिकची छक्की.

मायलोने ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. आयलीने आपली राणी आणि दश्शी उघडून टेबलावर मांडली, आणि ढीग दोन्ही हातांनी एमेटपुढे लोटला. दोन चिप्स घरंगळून खाली पडल्या. तिने वाकून त्या उचलल्या आणि त्याच्या ढिगावर ठेवल्या.

“तुझी भट्टी बंद आहे,” एमेट खालच्या आवाजात म्हणाला. “धुराडं थंड आहे. येता-जाता दिसतं मला.”

“मलाही दिसतं.”

“मग हा कसला हट्ट?”

“मुद्दाम हरून तू मला या खुर्चीतून उठवलंस, एमेट. न विचारता. लाकडांचं एक वेळ समजू शकते मी.” तिचा आवाज चढला नाही. “इथे नाही.”

ती उठली. कोट घालेल असं सगळ्यांना वाटलं. ती गल्ल्यापाशी गेली, पाकीट उलटं करून झटकलं आणि मूठभर चिप्स घेऊन परत आली.

“वाट,” ती रोनेलला म्हणाली.

पानं आली. आयलीने आपली पाहिली आणि थोडे लावले. एमेट बराच वेळ आपल्या पानांकडे बघत होता. मग त्याने चिप्सचा एक थर उचलला. तिच्यापुढे उरलं होतं तेवढंच सगळं मोजून त्याने मध्ये ठेवलं.

“अरे, थोडी तरी दया कर,” मायलो कुजबुजला. “बाईमाणसाला पहिल्याच फेरीत?”

“तू गप बस,” एमेट वर न बघता म्हणाला. “तिला विचार करू दे.”

आयलीने खुर्ची टेबलाजवळ ओढली, बाह्या वर सारल्या, आणि निवांत विचार करू लागली.