उल्काचं पुढं काय करायचं

फ्रिज घरघरला, म्हणजे लाईट आली. सकाळपासून मुकं पडलेलं घर त्या एका आवाजानं हललं. तांदूळ निवडत बसलेल्या आकांक्षानं ताट बाजूला सारलं आणि वायफायच्या डब्यावर नजर लावली. हिरवा दिवा लागायला जरा वेळ घेतो. बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि पोरगी पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या. भोकरदनच्या या भाड्याच्या घरात दुपारचा एवढाच वेळ काय तो तिचा, आणि आजचा तर तिनं आठवडाभर आधीपासून राखून ठेवला होता. आज 'कवचकुळ'चा ट्रेलर येणार होता.

कवचकुळ म्हणजे तिच्या जालन्यातल्या कॉलेजच्या दिवसांपासून चालत आलेली सिनेमांची मालिका. अंगावर दैवी कवच असलेलं एक कूळ, आणि जगावर येणारी संकटं. सिनेमे अकरा झाले, वर मोबाईलवरच्या मालिका वेगळ्या. त्यात कोण मेलं, कोण जिवंत आहे आणि कोण दुसऱ्याच जगातून आलेलं आहे हे ध्यानात ठेवता ठेवता भलेभले दमले. मागचे दोन सिनेमे सपशेल आपटले. तेव्हा कंपनीनं जाहीर केलं, की पुढची दिशा आता नव्यानं ठरेल. जिल्ह्यातल्या चाहत्यांच्या ग्रुपवर त्यावर नुसता धुरळा उडाला होता. परतूरचा मोबाईल दुकानवाला अंगद रोज नवा आराखडा मांडायचा: मेलेले सगळे परत आणा, न्हाईतर सगळ्यांना एकदम मारून मोकळे व्हा. आकांक्षा त्यात पडायची नाही. तिचं मागणं एकच होतं, उल्काला कोणी हात लावू नये.

उल्का त्या कुळातली सून. कवच तिला जन्मानं मिळालेलं नव्हतं, ते तिनं लढून मिळवलेलं. राक्षसाला लोळवून घरी आली की आधी हातपाय धुणार, मग चुलीवर दूध ठेवणार. आकांक्षाला ती एवढी आवडायची की तिनं पोटच्या पोरीला तिचं नाव दिलं.

दिलं म्हणजे, मोनालीनं दिलं. मोनाली तिची नणंद. नामकरणाला वंदना झाली, पंचशील झालं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. घरात ठरलं होतं 'सुजाता'. सासूबाईंनी, कांताबाईंनी, पाळण्यावर तसं लिहूनही आणलं होतं. मोनाली पाळण्यावर वाकली, वर बघून वहिनीला हळूच डोळा मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उल्का." आकाशातून तुटून पडणाऱ्या ताऱ्याचं नाव पोरीला ठेवतात का, म्हणून कांताबाई महिनाभर फुरंगटल्या. पण कानात सांगितलेलं नाव परत काढून घेता येत नाही. त्या दिवसापासून मोनाली नणंद राहिली नाही, सख्ख्या बहिणीहून जवळची झाली.

पुढं मोनालीला मुंबईत नोकरी लागली, तीही या सिनेमांची कथा आणि संवाद लिहिणाऱ्या ऑफिसात. गेल्या वर्षी तिनं फोन केला, वहिनी, आमच्या साहेबांना बाया-माणसांचं मत पाहिजे, उल्का तुम्हाला का आवडते ते बोलून पाठवत जा. आकांक्षाला कोणी मत विचारायची ही पहिलीच वेळ. दुपारी पोरगी झोपली की ती मोरीत जाऊन, नळ बारीक सोडून, फोनमध्ये बोलायची. आधी उल्काविषयी. मग बोलता बोलता स्वतःविषयी. आणि एकदा, 'हे फक्त तुला' असं म्हणून, जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते.

हिरवा दिवा लागला.

ट्रेलरमध्ये आधी तीच नेहमीची पडझड, इमारती, धूर. मग एकदम शांतता. उल्का एका पाळण्याजवळ उभी. अंगावरचं सोनेरी कवच काळं पडत चाललेलं. पाळण्यात तान्हं बाळ. तिनं पायात पादत्राणं घातली, दाराशी आली, मागं वळून बघितलं आणि म्हणाली,

"ती झोपलेली असतानाच जावं, म्हणजे तिला माझा चेहरा आठवणार नाही."

आणि ती उडाली. खाली अक्षरं आली, की कुळाचा सर्वांत मोठा शत्रू आता कुळातूनच उठणार.

आकांक्षाच्या हातातला फोन तापला होता की हातच, तिला कळेना. ते वाक्य तिचं होतं. शब्दनशब्द तिचं. बाळंतपणाला ती माहेरी, परतूरला गेल्ती. पोरगी रात्रंदिवस रडायची आणि हिला नुसतं रितं वाटायचं. एका पहाटे पोरगी कशीबशी झोपली, रेल्वेची शिट्टी ऐकू आली आणि हिनं चपला घातल्या. दारापर्यंत गेली. तिथं पान्हा फुटला, ब्लाऊज भिजला, आणि ती चपला काढून परत पोरीजवळ जाऊन बसली. झालं एवढंच. पण ते सांगायला तिला चार वर्षं लागली होती.

ग्रुपवर तोवर झुंबड उडाली. अंगदनं लिहिलं होतं, काय डायलॉग हाणलाय, काटा आला. कोणी म्हणत होतं, आता खरी मजा, पुढचे तीन सिनेमे हीच व्हिलन. कोणी विचारत होतं, असली आई असती का कुठं? त्यावर हसणारे चेहरे.

तिनं मोनालीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, जणू हातात धरूनच बसली होती.

"वहिनी, बघितला का? मी तुम्हाला आधी सांगणारच होते—"

"कवा?"

मोनाली भराभरा सांगू लागली. मीटिंगमध्ये सगळ्यांचं डोकं चालेना, उल्काचं पुढं काय करायचं कोणालाच सुचेना. साहेब चिडून राह्यले होते. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. नुसतं एका बाईचं म्हणून सांगितलं. सगळे सुन्न झाले म्हणे. साहेबांनी तिची पाठ थोपटली.

"कोणाला कळणार ए वहिनी? बिलकुल कोणाला न्हाई."

"मला कळलं ना."

आकांक्षानं विचारलं, शेवटी ती परत येते का. मोनाली म्हणाली, ते अजून ठरलं न्हाई, पब्लिक काय म्हणतं त्यावर आहे.

"मोना, मी दारातून परत आल्ते. ते सांगितलं होतं का त्यांना?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

"ते म्हणाले, ती परत आली तर सिनेमा तिथंच संपतो."

आकांक्षानं फोन ठेवला नाही. पलीकडून मोनाली रडवेल्या आवाजात वहिनी, वहिनी करत राहिली. पाळण्यावर वाकून डोळा मारणारी पोरगी हीच. तिला शिव्या घालाव्यात असं फार वाटलं, पण शिवी द्यायलासुद्धा माणूस आपलं लागतं. शेवटी तिनं फोन बंद केला आणि तांदळाचं ताट पुन्हा पुढं ओढलं. खडा कुठला आणि दाणा कुठला, दिसेना.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तेच वाक्य ऐकू आलं. ती झोपलेली असतानाच जावं. मोनालीनं घरच्या ग्रुपवरही ट्रेलर टाकला होता, सकाळीच, आपलं काम म्हणून कौतुकानं. लाईट आल्यावर तो कांताबाईंच्या फोनवर उतरला होता. त्यांनी तो परत लावला, आवाज वाढवून.

"आकांक्षा, बघितलं का गं तुझ्या उल्काचं?" त्या तिथूनच म्हणाल्या. "लेकरू टाकून चालली. मी तवाच म्हणत होते, हे नाव ठिवू नका. असल्या बाईला आई म्हणायचं व्हय? आपल्या मोनानं लिहिलंय पण बराबर, अंगावर काटा आला."

आकांक्षानं 'हं' केलं. त्याच्या पलीकडं तिच्या तोंडून काही निघालं नाही. निघालं असतं तर या घरात ती जन्मभर त्याच एका वाक्यानं ओळखली गेली असती.

पडदा हलला. पोरगी उठून आली होती, केस गालाला चिकटलेले, डोळ्यांत झोप तशीच. तिनं आजीच्या मांडीवर बसून सगळं बघितलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. रोज उठल्यावर ती धावत येऊन गळ्यात पडायची. आज उंबऱ्यातच थांबली. आईच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

आकांक्षानं हात पुढं केले. "ये की, उल्का."

पोरगी आली, मांडीत शिरली, आईच्या ब्लाऊजची कड मुठीत धरून बसली. आकांक्षा तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

"मम्मी," पोरगी म्हणाली, "ते बाळ उठल्यावर मंग कोणाला मम्मी म्हणेल?"