वरच्या वाडीची पालखी

“काकी, यंदा ओटी खाली देवळापुढे पालखी बसते त्या सहाणेवरच आणा. पालखी वर येत नाय.” संदेशने बांधाखालूनच सांगितले. शिमग्यासाठी तो मुंबईहून आला होता आणि यंदा मंडळाचा सेक्रेटरी होता.

कमळा अंगण सारवत होती. “पयला मान वरच्या वाडीचा. गाव हितनं वसला.”

“खांदे पुरत नायत, काकी. एका घरासाठी चढण कोण चढणार?”

“एक घर? कधी वर येऊन बघितलंस?”

तो उतरूही लागला होता.

गाव इथे झऱ्यापाशी वसला आणि पुढे रस्ता झाला तसे एकेक घर खाली सरकले, कोणी मुंबईला गेले. हे कुठे लिहिलेले नव्हते. पालखी ज्या क्रमाने घरे घेते, त्यातच तेवढे उरले होते. एक वर्ष ती वाट मोडली, की नंतर कोणाला आठवणार नाही, हे कमळाला ठाऊक होते. अंगण झाल्यावर ती शेणाचे घमेले घेऊन शेजारच्या जोत्यावर गेली. तिथे आता जांभ्याचे चिरे तेवढे होते. मग त्याच्या पुढच्या जोत्यावर.

सकाळी ढोल देवळापासून निघाला. बांधावरून तिला खालचा फाटा दिसत होता. संदेश डांबरी रस्त्याकडे हात करत होता. पुढच्या दांड्याला हरिश्चंद्र होता, तिच्या नवऱ्याचा जुना जोडीदार. फाट्यावर पालखी डोलली आणि चढणीला लागली.

“अण्णा, हिकडे!” संदेश हरिश्चंद्रला ओरडला.

“मी काय करू? देव ओढताय.”

“देव ओढतो की तुम्ही?”

“माजे गुडघे बघ आनि मग इचार.”

सगळे हसले, आणि पालखी वर आली.

प्रत्येक सारवलेल्या जोत्यावर रांगोळी होती, जास्वंदीचे एक फूल होते. धापा टाकत हरिश्चंद्र पहिल्यासमोर थांबला आणि रीतीप्रमाणे त्याने हाक दिली, “रामाचं घर!”

घरच्या माणसाने ओ द्यायची असते.

“होय म्हाराजा,” कमळा म्हणाली. दुसऱ्या जोत्यालाही तिनेच ओ दिली.

“भिकाजीचं घर!”

कमळा गप्प राहिली. ढोल थांबला. हरिश्चंद्रचा खांदा थरथरत होता, पण तो हलेना.

संदेशने तिच्याकडे पाहिले, मग चिऱ्यांकडे. “आजोबांचं... हे?”

“ओ दे रे बाबा. खांदा मोडला माजा.”

संदेशने बूट काढले. “होय म्हाराजा,” तो हळूच म्हणाला आणि त्याने दांड्याखाली खांदा घातला.

कमळाच्या अंगणात पालखी नाचली, ओटी भरून झाली. ढोल खाली गेला. वाडी पुन्हा शांत झाली.

उन्हे कलल्यावर कमळा भिकाजीच्या जोत्याशी गेली. रांगोळी पायांनी पुसली होती. जिथे पूर्वी दार होते, त्याच्या बाहेर संदेशचे बूट तसेच होते, घरात कोणी आल्यासारखे.

तिने ते हलवले नाहीत.