चुलवणाच्या तोंडातून परतलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. माझे हात इतके लांब आहेत, की बसणाऱ्याने त्यांवर पाय टाकून खुशाल पडावे. दौंड स्टेशनातल्या एका खोलीत, गाडीची वाट पाहणाऱ्यांसाठी मला ठेवले होते. माझे वय शंभराच्या आसपास असेल. मोजणारे आता कोणी उरले नाही. मला कोणी घडवले, हे मलाही ठाऊक नव्हते.

पुढे त्या खोलीत लोखंडी बाकडी आली आणि लिलावातून मी राहू गावच्या हौसरावांकडे गेले. हौसराव मोठे ऊसबागायतदार, सोसायटीचे चेअरमन. त्यांनी मला ओट्यावर मांडले. गावातल्या निवडणुका माझ्यावर बसून ठरल्या, सोयरिकी जुळल्या, बांधाची भांडणे मिटली. घरात लग्न निघाले, की भिंतींबरोबर मलाही रंग लागे. आधी निळा, मग चॉकलेटी, मग हिरवा. "नवी दिसतीय की!" असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. रंगाखाली आपण दिसेनाशा होत आहोत, हे कळायला मला वीस वर्षे लागली.

हौसराव वारले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. माझ्या बैठकीचे विणलेले वेत तुटले, एक पाय मोडला आणि मी गोठ्यात जाऊन पडले. तिथे एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. तिच्यावर माझा राग नाही. त्या काळात आपणहून माझ्याकडे येणारी ती एकटीच होती.

गेल्या वर्षी हौसरावांच्या सुनेने, सविताने, नवे स्वयंपाकघर बांधायला काढले. गोठा मोकळा झाला आणि मोडक्या लाकडांबरोबर मी ट्रॉलीतून शेजारच्या गुऱ्हाळावर गेले. वर कढईत उसाचा रस खदखदत होता आणि खाली चुलवणात जाळ धडधडत होता. जाळ घालणाऱ्या भैयाने मला उचलले. माझ्या हिरव्या रंगाला धग लागून फोड आले.

"रुको भैया! सागवान है वो!"

गूळ घ्यायला आलेली एक बाई धावत पुढे आली. ती सुवर्णा, तळेगाव ढमढेऱ्याच्या सुताराची लेक. वडिलांमागे त्यांची हत्यारे तिनेच चालवली होती. ती जुने सामान दुरुस्त करी. माझा हात नखाने खरवडून ती लाकडे उतरवून घ्यायला आलेल्या सविताला म्हणाली, "वहिनी, ही जाळू नका. मला घेऊन जाऊ द्या. नीट करून तुमच्याच ओट्यावर आणून ठिवते."

"न्या की. पर हिच्यात काय राहिलंय आता?" सविता म्हणाली.

काय राहिले होते, ते मलाही ठाऊक नव्हते.

सुवर्णाने लोखंडी पत्तीने रंग काढायला सुरुवात केली. हिरवा गेला, चॉकलेटी गेला, निळा गेला. चौथ्या दिवशी तिने ओले फडके फिरवले आणि तिचा हात थांबला. माझ्या लांब हातांवर नदीच्या पाण्यासारख्या रेघा उमटल्या होत्या, एकीला लागून दुसरी, मधासारख्या सोनेरी. मी जंगलात उभी होते तेव्हाचे एकेक वर्ष तिथे होते. मित्रांनो, स्वतःला पाहून मीच थक्क झाले.

मग तिने माझे सांधे उकलले. आत एकही खिळा नव्हता, नुसत्या लाकडी खुंट्या. प्रत्येक सांध्यावर पटाशीने कोरलेल्या बारीक खुणा होत्या; दोन रेघांचा तुकडा दोन रेघांशी, तीनचा तीनशी जुळत होता.

"शंभर वर्सं झाली, आन् केसभर बी हललं न्हाई," सुवर्णा हळूच म्हणाली. "कोण व्हता गं हा मानूस? नाव बी ठिवलं न्हाई." तिने त्या खुणांना हात लावून नमस्कार केला. माझ्या घडवणाऱ्याची ओळख मला त्या दिवशी झाली. नाव कळले नाही, हात कळला.

मोडक्या पायाला तिने जुन्या चौकटीचे सागवान जोडले. बैठकीला आणि पाठीला सुती पट्ट्यांची नवार विणली. वर घालायला जाड कापड हवे होते. ते कळताच हौसरावांच्या पत्नी धुरपदाबाई जीप करून तळेगावला आल्या. काखेत गाठोडे. त्यातून निघाली बैलाची झूल, लाल, कवड्यांची, आरशांची, तिच्यावर रेशमी दोऱ्याचे पोपट. मधोमध मात्र उंदरांनी खाल्लेली.

"आजी, ही कापायची?" सुवर्णाच्या हातातली कात्री खाली आली. "असलं काम आता कुणाच्या हातून व्हनार न्हाई. एकदा कात्री चालली की मग मागं येता येत न्हाई."

"नवी नवरी व्हते तवा शिवली म्या. चार म्हैने लागलं. पोळ्याचा एक दिस बैलाच्या पाठीवर, बाकी वरीसभर पेटीत," धुरपदाबाई म्हणाल्या. "आता बैलं न्हाईत. उंदरानी खान्यापरीस कामाला यीऊ दे. आन हिकडं."

आणि त्यांनी स्वतःच कात्री चालवली.

दोघी तीन दिवस शिवत बसल्या. झुलीच्या काठातलाच दोरा काढून धुरपदाबाईंनी भोके रफू केली. सत्तरी ओलांडलेली बोटे, पण टाका असा, की जुना कोणता आणि नवा कोणता हे मलाही ओळखू येईना. पोपट माझ्या पाठीवर बसले आणि आरसे रुतू नयेत म्हणून वरच्या कडेला लागले.

मला ओट्यावर नेऊन ठेवले तेव्हा शेजारचे लोक जमले. "आत्याबाई, बसा," सविता म्हणाली.

धुरपदाबाई मागे सरल्या. "म्या? म्या कवा बसलेय खुर्चीवर?"

तेव्हा मला आठवले. इतकी वर्षे त्या माझ्याजवळ चहाचे कप घेऊन येत आणि मग दाराशी जमिनीवर टेकत. मी शेकडो माणसे पेलली. त्यांना कधीच नाही.

सविता आणि सुवर्णाने दोन्हीकडून हात धरून त्यांना बसवले. किती हलके ते वजन! त्या आधी अवघडून बसल्या, मग पाठ टेकली, मग दोन्ही तळवे माझ्या हातांवर ठेवले. जमिनीवर बसले की आड येणाऱ्या ओट्याच्या कठड्यावरून त्यांनी समोर पाहिले. उसाचे तुरे, त्यापलीकडे नदीकाठच्या बाभळी, त्यापलीकडे निळसर डोंगर.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "इथनं एवढं लांबचं दिसतंय व्हय!"

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काहीतरी कोपऱ्यात पडले असेल. जाळण्याआधी, टाकण्याआधी ते एकदा खरवडून पाहा. आणि त्यावर आजवर कोण बसले नाही, तेही घरात विचारा.